परभृत आणि परभृत् : निकोलस डेव्हिस यांची पक्षिवर्तन-मीमांसा

१

अमरकोशात कोकिळाच्या नावांमध्ये ‘परभृत’ हे नाव येते आणि कावळ्याच्या नावांमध्ये ‘परभृत्’ हे. लिपीच्या दृष्टीने दोहोंत केवळ एका हलन्ताचे अंतर आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ही दोन नावे परस्परांसमोर उभी आहेत. ‘परभृत’ म्हणजे दुसऱ्याने पोसलेला आणि ‘परभृत्’ म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळा तिची पिले वाढवितो, ही निसर्गातील वस्तुस्थिती आपल्या कोशकारांना पूर्ण परिचित होती. एवढेच नव्हे, तर त्या संबंधाची दोन्ही टोके त्यांनी एकाच धातूच्या कर्मणी आणि कर्तरी रूपांनी अचूक बांधून ठेवली होती.

तथापि, या दोन नावांच्या मध्ये जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या परंपरेने फारसा विचारला नाही. परभृत् हा परभृताला का पोसतो? कावळ्यासारखा चतुर पक्षी परक्या अंड्यावर बसतो कसा? काव्याला या प्रश्नाच्या उत्तराची गरज नव्हती. कोकिळाच्या या वर्तनातून कोणता नैतिक अर्थ काढता येईल, एवढेच त्याला पुरेसे होते. पश्चिमेतही याहून फार वेगळे घडले नाही. हा ‘का’ शास्त्रीय रीतीने विचारावयाचा असेल तर काय करावे लागते, किती काळ एकाच ठिकाणी बसावे लागते आणि हाती आलेल्या उत्तराने आपल्या जुन्या उपमांचे काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे केम्ब्रिज विद्यापीठातील पक्षिवर्तनाचे अभ्यासक निकोलस डेव्हिस यांची विद्यासाधना. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांसमोर तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

डेव्हिस यांचा जन्म १९५२ चा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील फॉर्मबी या गावी त्यांचे बालपण गेले. केम्ब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयातून १९७३ साली पदवी घेतल्यानंतर ते ऑक्सफर्ड येथील एडवर्ड ग्रे पक्षिविज्ञान संस्थेत संशोधनासाठी दाखल झाले. तो काळ या शास्त्राच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. त्या संस्थेचे दीर्घकाळ संचालक असलेले डेव्हिड लॅक १९७३ मध्येच निवर्तले होते. ऑक्सफर्डमधीलच निको टिनबर्खेन यांना त्याच वर्षी कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत प्राणिवर्तनाच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले होते.

संक्रमण नेमके कशाचे, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्राण्याचे वर्तन ‘जातीच्या कल्याणासाठी’ असते, ही कल्पना दीर्घकाळ रूढ होती. पक्षी आपली संख्या आवरतात ती समूहाच्या हितासाठी, असे प्रतिपादन व्ही. सी. विन-एडवर्ड्स यांनी १९६२ साली एका मोठ्या ग्रंथात केले. लॅक यांचा या मताला विरोध होता. नैसर्गिक निवड ही व्यक्तीव्यक्तींमधील भेदांवर चालते. जो पक्षी अधिक पिले यशस्वीपणे वाढवितो त्याचे गुण पुढे जातात. समूहासाठी त्याग करणाऱ्याचे गुण मागे पडतात, असे त्यांचे म्हणणे. १९६४ मधील डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांचे आप्तसंबंधांविषयीचे निबंध आणि १९६६ मधील जी. सी. विल्यम्स यांचा ग्रंथ यांमुळे हा दुसरा पक्ष बळकट झाला. परिणामी अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्नच बदलला. ‘या वर्तनाचा जातीला काय उपयोग?’ याऐवजी ‘असे वागणाऱ्या या विशिष्ट पक्ष्याला, न वागणाऱ्याच्या तुलनेत, काय लाभते आणि काय गमवावे लागते?’ असा तो झाला. या प्रश्नाभोवती जी ज्ञानशाखा उभी राहिली तिला वर्तन-परिस्थितिविज्ञान असे म्हणता येईल. डेव्हिस हे तिच्या पहिल्या पिढीचे प्रतिनिधी होत.

त्यांनी निवडलेला पहिला पक्षी अगदी साधा होता. आपल्याकडे ज्याला धोबी किंवा परीट म्हणतात त्याच कुळातील इंग्लंडमधील काळापांढरा धोबी. थेम्स नदीच्या काठी हिवाळ्यात हा पक्षी आपली एक हद्द राखून असतो. नदीच्या पाण्याबरोबर लहान कीटक काठाला लागतात आणि धोबी एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परत येत त्यांचा फडशा पाडतो. एकदा वेचलेल्या जागी नवे कीटक लागण्यास काही अवधी जावा लागतो. म्हणून त्याची फेरी क्रमाने चाललेली असते. मध्येच कोणी उपरा येऊन वेचू लागला तर ही सारी व्यवस्था विस्कटते. तरीही काही दिवशी हद्दीचा मालक एखाद्या उपऱ्याला राहू देतो, काही दिवशी हुसकून लावतो. आलास्डेअर ह्यूस्टन यांच्या सहकार्याने डेव्हिस यांनी याचा हिशेब मांडला. अन्न विपुल असेल तेव्हा दुसरा पक्षी ठेवून घेण्यात मालकाचे नुकसान अल्प असते आणि हद्द राखण्याच्या कामात त्याची मदत होते. अन्न तुटपुंजे झाले की हा व्यवहार परवडत नाही. आपण ज्याला सहजपणे ‘औदार्य’ किंवा ‘कद्रूपणा’ म्हटले असते, ते एकाच पक्ष्याच्या ठायी दिवसागणिक बदलते आणि त्या बदलाचे कारण मोजता येते.

याच सुमारास त्यांनी टिम हॅलिडे यांच्यासमवेत बेडकाच्या जातीतील भेकांवर एक प्रयोग केला. मादीच्या पाठीवर बसलेल्या नराला दुसरा नर हटवू पाहतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या ओरडण्याच्या खर्जावरून तो त्याच्या आकाराचा अंदाज घेतो. बसलेल्या नराला मुका करून ध्वनिक्षेपकावरून कमी-अधिक खर्जातील आवाज ऐकविले असता हल्ल्यांचे प्रमाण त्या आवाजानुसार बदलते, असे १९७८ मध्ये त्यांनी दाखवून दिले. डेव्हिस यांच्या पद्धतीचे मर्म या लहान प्रयोगात दिसते. आधी शांतपणे पाहावयाचे, मग एक शक्यता मांडावयाची आणि मग त्या प्राण्यालाच प्रश्न विचारता येईल अशी युक्ती योजावयाची.

जॉन क्रेब्ज यांच्याबरोबर त्यांनी १९७८ मध्ये या विषयावरील निबंधांचा संग्रह संपादित केला आणि १९८१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी प्रवेशग्रंथ लिहिला. त्याची चौथी आवृत्ती २०१२ मध्ये स्टुअर्ट वेस्ट यांच्या सहभागाने निघाली. एका नव्या ज्ञानशाखेला तिची भाषा आणि तिचे प्रश्न बहुतांशी या ग्रंथाने पुरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

३

१९७९ मध्ये डेव्हिस केम्ब्रिजला परतले. तेथील विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात त्यांनी डनक या पक्ष्याचा अभ्यास आरंभिला. हा चिमणीएवढा, तपकिरी-करड्या रंगाचा, झुडपांच्या तळाशी वावरणारा, कोणाच्या नजरेत न भरणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस या पाद्री-निसर्गलेखकाने आपल्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथात त्याची फार प्रशंसा केली होती. साधा वेष, नम्र वागणूक, आडंबराचा अभाव या गुणांमुळे माणसांनीही याचा कित्ता गिरवावा, असे त्याचे मत होते.

डेव्हिस यांनी उद्यानातील डनकांच्या पायांत रंगीत कडी घातली, त्यामुळे प्रत्येक पक्षी व्यक्ती म्हणून ओळखता येऊ लागला. मग जे दिसले ते मॉरिस यांच्या श्रोत्यांना पचले नसते. काही ठिकाणी एक नर आणि एक मादी असा साधा संसार होता. पण कोठे एका मादीचे दोन नर, कोठे एका नराच्या दोन माद्या, तर कोठे दोन नर आणि दोन माद्या यांचा एकत्र व्यवहार होता. एका मादीच्या दोन नरांपैकी वरचढ नर तिच्यावर सतत पहारा ठेवी आणि मादी मात्र झुडपाआडून त्याला चुकवून दुसऱ्या नराशी समागमाची संधी साधी.

हा स्वैराचार आहे, असा निष्कर्ष काढून थांबणे म्हणजे मॉरिस यांचीच चूक उलट्या दिशेने करणे होय. डेव्हिस यांनी विचारले, यात कोणाला काय लाभते? समागमात वाटा मिळालेला दुय्यम नर पिलांना चारा भरविण्यास मदत करतो. तो न मिळालेला करीत नाही. दोन नरांनी भरविलेली पिले अधिक संख्येने तगतात. म्हणजे मादीच्या दृष्टीने दोन नर असणे हितावह. नराच्या दृष्टीने मात्र दोन माद्या असणे सर्वांत लाभाचे, आणि मादीला आपला नर वाटून घ्यावा लागणे सर्वांत हानीचे. उद्यानात जे विविध संसार दिसतात ते या परस्परविरोधी हितांच्या ओढाताणीतून निर्माण झालेले आहेत. आर्ने लुंडबर्ग यांच्यासह केलेल्या एका प्रयोगात उद्यानात जादा अन्न ठेवले असता माद्यांच्या फिरण्याचा परिसर आकुंचित झाला, नरांना त्यांच्यावर ताबा ठेवणे सुकर झाले आणि संसाराचे स्वरूपच पालटले. पुढे टेरी बर्क आदींच्या सहकार्याने जनुकीय ठशांचे तंत्र वापरून पिलांचे पितृत्व निश्चित करण्यात आले. तो निबंध १९८९ चा. त्यातून असे दिसले की नर आपले पिलू ओळखत नाही. मादीच्या सहवासात त्याला मिळालेला वाटा हेच त्याच्या भरविण्याचे गमक असते.

या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एका शहरी उद्यानातील क्षुद्र समजल्या जाणाऱ्या पक्ष्याकडे सुमारे दहा वर्षे पाहत राहिल्याने कुटुंबसंस्थेच्या उत्क्रांतीविषयी जे उमजले, ते दूरदेशीच्या दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे धावून उमजले असते की नाही, हे सांगणे कठीण आहे.

४

डनक हा इंग्लंडमध्ये कुक्कूचे पिलू वाढविणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. त्यामुळे डेव्हिस यांचे लक्ष कुक्कूकडे वळणे स्वाभाविक होते. या विषयाला मोठी पूर्वपरंपरा आहे. कुक्कूचे नुकतेच जन्मलेले, अंध आणि पिसे नसलेले पिलू पाठीवरील खळग्यात यजमानाची अंडी किंवा पिले घेऊन एकेक करून घरट्याबाहेर ढकलते, हे १७८८ साली एडवर्ड जेनर यांनी निरीक्षणाने सिद्ध केले. देवीच्या लशीसाठी पुढे विख्यात झालेले जेनर ते हेच. १८५९ च्या आपल्या ग्रंथात डार्विन यांनी या उपजतबुद्धीची मीमांसा केली. कुक्कू अंडे चोचीत आणून घरट्यात ठेवते की थेट घरट्यात घालते, या वादाचा निकाल एडगर चान्स यांनी लावला. त्यांचे पुस्तक १९२२ चे.

केम्ब्रिजजवळ विकन फेन नावाचा एक जुना पाणथळ प्रदेश आहे. त्यातील पहिला भूभाग नॅशनल ट्रस्टकडे १८९९ साली आला. तेथे बोरूसारख्या उंच पाणगवतात रीड वॉर्बलर हा वटवट्याच्या कुळातील लहानसा पक्षी घरटी बांधतो. मायकेल ब्रूक यांच्या साहाय्याने डेव्हिस यांनी १९८५ पासून येथे काम आरंभिले आणि हा अभ्यास पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला.

पहिला प्रश्न अंड्यांचा. कुक्कूच्या माद्यांचे वेगवेगळे वंश असून प्रत्येक वंश बहुधा एकाच जातीच्या यजमानाला लक्ष्य करतो. अनेक वंशांची अंडी आपापल्या यजमानाच्या अंड्यांसारखी दिसतात. हे साम्य यजमानाच्या पारखीमुळे निर्माण झाले असावे, ही कल्पना जुनी होती. ब्रूक आणि डेव्हिस यांनी निरनिराळ्या रंगांची कृत्रिम अंडी करून घरट्यांत ठेवली. न जुळणारी अंडी वॉर्बलरनी अधिक प्रमाणात टाकून दिली, जुळणारी बहुतांशी स्वीकारली. कुक्कूच्या कार्यपद्धतीतील प्रत्येक बारकाव्याची अशीच परीक्षा झाली. कुक्कू अंडे दुपारनंतर घालते, यजमानाचे एक अंडे उचलते आणि हे सर्व अवघ्या दहा-एक सेकंदांत उरकते. कृत्रिम अंडे पहाटे ठेवले, किंवा घरट्याजवळ पेंढा भरलेली कुक्कू ठेवली, तर अंडे टाकले जाण्याचे प्रमाण वाढते. तेव्हा ही घाई आणि ही वेळ निरर्थक नाही.

याहून निर्णायक पुरावा आइसलँडमध्ये मिळाला. त्या बेटावर कुक्कूची वीण होत नाही. तेथील धोबी आणि चरचरी या पक्ष्यांच्या घरट्यांत तीच कृत्रिम अंडी ठेवली असता ब्रिटनमधील त्यांच्या भाऊबंदांइतकी पारख त्यांनी दाखविली नाही. पारख ही उपजत शहाणपणाची खूण नसून फसवले जाण्याच्या दीर्घ इतिहासाची खूण आहे, असा याचा अर्थ.

मग पिलाचे काय? परके अंडे ओळखणारा वॉर्बलर आपल्याहून कितीतरी पट मोठ्या, आपल्या पिलाशी कसलेही साम्य नसलेल्या कुक्कूच्या पिलाला मात्र मुकाट्याने भरवीत राहतो. रिबेका किल्नर आणि डेव्हिड नोबल यांच्यासह केलेल्या अभ्यासात याचे एक कारण उलगडले. कुक्कूच्या पिलाचा आक्रोश इतका जलद असतो की तो एका पिलाचा न वाटता घरटेभर पिलांचा वाटतो. कुक्कूच्या पिलाएवढ्याच आकाराचे दुसऱ्या जातीचे पिलू वॉर्बलरच्या घरट्यात ठेवले तर त्याला तितका चारा मिळत नाही. पण घरट्याशेजारी ध्वनिक्षेपकावरून कुक्कूच्या पिलाचा आवाज ऐकविला की चाऱ्याचे प्रमाण वाढते. यजमान मूर्ख नसतो. आपल्या पिलांची भूक जाणण्याची जी रीत त्याला एरवी उपयोगी पडते, तिचाच येथे वापर होत असतो.

पुढील संशोधनाचा विषय मोठ्या कुक्कूचे रूप हा होता. तिच्या छातीवरील आडवे पट्टे स्पॅरोहॉक या शिकारी पक्ष्याच्या पट्ट्यांसारखे असतात. जस्टिन वेल्बरगेन यांच्यासह केलेल्या प्रयोगांत असे दिसले की हे पट्टे झाकले तर लहान पक्षी कुक्कूला तेवढे भीत नाहीत. जेनी यॉर्क यांच्यासह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला ध्वनीची जोड मिळाली. अंडे घातल्यावर मादी जो खळखळाट करते तो स्पॅरोहॉकच्या आवाजासारखा असतो. तो ऐकून वॉर्बलर स्वतःच्या जिवाकडे लक्ष देतो आणि घरट्यातील बदलाकडे त्याचे दुर्लक्ष होते.

या दीर्घ अभ्यासाची एक खिन्न बाजूही आहे. १९८० च्या दशकापासून ब्रिटनमधील कुक्कूंची संख्या निम्म्याहून अधिक घटली. विकन फेनमध्येही कुक्कूची अंडी सापडण्याचे प्रमाण उतरत गेले. रोझ थोरोगुड आणि डेव्हिस यांनी २०१३ मध्ये दाखविले की त्याबरोबर वॉर्बलरचा पहाराही सैल झाला. घरट्याजवळ आलेल्या कुक्कूवर धावून जाणे आणि परके अंडे टाकून देणे, दोन्ही कमी झाले. ज्याच्या भयाने पारख जागी होती तो शत्रूच दुर्मीळ होत चालला आहे. एखादा संबंध नष्ट होताना कसा दिसतो याची ही नोंद आहे, आणि एकाच जागी तीस वर्षे बसल्यावाचून ती होऊ शकली नसती.

५

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी विचारार्ह वाटतील. पहिली म्हणजे साहित्यकृती पुरावा म्हणून उपयोगी पडल्याचे एक उदाहरण. डनकची अंडी निळी असतात. त्याच्या घरट्यात सापडणारे कुक्कूचे अंडे मात्र ठिपकेदार आणि अगदी वेगळे असते. तरी डनक ते टाकीत नाही. यजमान म्हणून तो नवखा असावा आणि त्याच्या ठायी पारख उत्पन्न होण्यास अद्याप अवधी मिळाला नसावा, असा एक तर्क आहे. पण नवखा म्हणजे किती? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसर यांनी लिहिलेल्या पक्ष्यांच्या सभेवरील काव्यात याच पक्ष्याला कुक्कूचा पोशिंदा आणि तिचा बळी म्हटले आहे. हा संबंध किमान सहा शतकांचा आहे, याचा दाखला म्हणून संशोधकांनी त्या काव्याकडे बोट दाखविले. सहा शतके हा काळ उत्क्रांतीच्या मानाने अल्पच. कविवचन हे येथे अलंकार म्हणून न येता दिनांकित निरीक्षण म्हणून येते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘फसवणूक’, ‘शस्त्रस्पर्धा’, ‘यजमान’, ‘लाभ-हानी’ हे या शास्त्राचे रूढ शब्द. डेव्हिस यांच्या २००० आणि २०१५ मधील ग्रंथांच्या नावांतही लबाडीचा उल्लेख आहे. ही मानवी व्यवहारातून उसनी घेतलेली रूपकेच होत. शास्त्रज्ञ आणि नीतिबोधक यांच्यात रूपक वापरणे व न वापरणे हा भेद नसून, रूपकानंतर काय केले जाते यात भेद आहे. मॉरिस यांनी डनकला नम्र म्हटले आणि तेथेच ते थांबले. डेव्हिस यांनी कुक्कूला लबाड म्हटले, पण त्यापुढे ‘ही लबाडी कशामुळे साधते, कशामुळे उघडी पडते’ असे विचारले आणि ते रूपक खोटे ठरू शकेल अशी परिस्थिती स्वतःच निर्माण केली. कुक्कूच्या मनात कपट आहे, असे हे शास्त्र म्हणत नाही. ज्या कुक्कूंची अंडी जुळली त्यांची संतती उरली, इतकेच ते म्हणते.

हा भेद लक्षात ठेवून शाकुंतलाच्या पाचव्या अंकाकडे पाहावे. तपोवनात वाढलेल्या शकुंतलेला कपट ठाऊक नाही असे गौतमी सांगते, तेव्हा दुष्यंत कोकिळांचा दाखला देतो. मनुष्येतर स्त्रियांतही न शिकवता आलेली चलाखी दिसते. कोकिळा आपली पिले उडू लागेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात. मग बुद्धी असलेल्या स्त्रियांविषयी काय सांगावे, असा त्याचा आशय. राजाचे पक्षिज्ञान बरोबर आहे; त्यावरून काढलेले अनुमान मात्र खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे प्रेक्षक जाणतो. येथे आणखी एक विपरीतता आहे. मेनकेने टाकलेली, पक्ष्यांनी राखलेली आणि कण्वाने वाढविलेली शकुंतला ही स्वतः परभृत आहे. कपट करणारी कोकिळा नव्हे, तर दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेले पिलू. राजा उपमेच्या ज्या टोकाला तिला बसवितो ते टोकच चुकीचे आहे. एका सत्य निरीक्षणाच्या आधारे एका सत्य बोलणाऱ्या स्त्रीला भर सभेत असत्य ठरविले जाते. निसर्गाचा दाखला देऊन माणसाविषयी निवाडा करण्यात कोणता धोका असतो, हे कालिदासाने येथे दाखविले आहे, असे वाचणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या काव्यपरंपरेची निवडही या प्रकाशात पाहण्याजोगी आहे. चातक म्हणून ओळखला जाणारा पक्षी आणि महाराष्ट्रात ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा हे दोघेही कोकिळाप्रमाणेच परभृत आहेत. त्यांची पिले प्रामुख्याने सातभाई पक्षी वाढवितात. पावशाचे रूप तर शिक्र्याशी इतके जुळते की डेव्हिस यांनी ज्या साम्याची परीक्षा केली त्याचे भारतीय उदाहरण म्हणून ते सहज पुढे करता येईल. पण काव्याने चातकाला निष्ठेचे प्रतीक मानले, पावशाला शेतकऱ्याचा मित्र केले आणि परभृतत्वाचा ठपका केवळ कोकिळावर ठेवला. कोकिळाच्या बाबतीतही संस्कृत कवी नरालाच गायक मानीत. ‘पुंस्कोकिल’ हा कुमारसंभवातील शब्द त्याची साक्ष देतो, आणि चढत्या सुरात कुहूकुहू करतो तो काळा नरच असतो. ठिपकेदार तपकिरी मादीचा आवाज निराळा. पुढे देशी भाषांतून गाणारी ‘कोकिळा’ रूढ झाली ती भाषेच्या सोयीने. निरीक्षणाच्या आधारे नव्हे.

म्हणून टीकाकारांनी आणि संपादकांनी एक दक्षता घेणे इष्ट ठरेल. पक्ष्यांच्या उल्लेखांवर टीपा लिहिताना ‘कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते’ एवढ्यावर समाधान मानू नये आणि युरोपीय कुक्कूचे वर्णनही तिच्यावर जसेच्या तसे लादू नये. कुक्कूचे पिलू घरटे रिकामे करते. कोकिळाचे पिलू कावळ्याच्या पिलांबरोबर एकाच घरट्यात वाढताना आढळते. कवीने पाहिलेला पक्षी कोणता, त्याच्या कोणत्या वर्तनाचा कवीने स्वीकार केला, कोणते वगळले आणि त्या निवडीचा कोणावर निवाडा करण्यासाठी उपयोग केला, हे प्रश्न साहित्यमीमांसेचेच आहेत. मात्र त्यांची उत्तरे देण्यासाठी पक्षी प्रत्यक्ष कसा वागतो हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान बोरूच्या बेटात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांकडूनच घ्यावे लागते.